जुनी पितळी भांडी कल्हईला टाकण्याआधी: तपासायची कशी, निवडायची कशी

माळ्यावरून उतरवलेलं किंवा मोडीच्या दुकानातून किलोवर आणलेलं पितळी भगुलं थेट कल्हईवाल्यापुढे ठेवायचं, ही बहुतेक घरांची रीत. चुकतं ते इथेच. कल्हईचा, म्हणजे कथलाचा, पांढरा, चकचकीत थर सगळं झाकून टाकतो: केसाएवढी चीर, गळती बुजवायला वितळवून दिलेला शिशाचा जुना डाग, जस्त निघून गेल्यामुळे आतून भुसभुशीत झालेलं बूड. यातला एकही दोष कल्हईने जात नाही. भांडं अन्नाला लायक आहे की नाही हे उघड्या धातूवर ठरवायचं असतं, भट्टी पेटायच्या आधी.

सोलापूरच्या भांड्यांना दोन गोष्टींचा जास्त त्रास होतो. इथे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे हंडे-घागरी दिवसेंदिवस भरलेल्या राहतात. बोअरचं पाणी जड आणि खारट असेल तर ते पितळाला आतून खातं आणि वरून क्षाराचा पांढरा थर चढवून तो खाल्लेला भाग लपवतं. खेड्यांतून येणारी भांडी तर कितीतरी वर्षं गोठ्यात किंवा खताच्या पोत्यांशेजारी पडून असतात. त्याचं काय होतं, ते चिरांच्या भागात येईल.

पुढची पद्धत भगुली, तपेली, पराती, पितळ्या, हंडे, घागरी आणि बंब या सगळ्यांना लागू आहे. समई, मूर्ती, घंटा यांना नाही.

काय काय जवळ असावं

जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, चांगल्या उजेडाची बॅटरी, सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोजपट्टीची टेप, दाभण, बारीक कानस, लाकडी काठी किंवा लाटणं, पांढरा कागद, खडू. साफसफाईला चिंच किंवा लिंबूफूल, मीठ, खायचा सोडा आणि नारळाचा काथ्या. एक वहीही ठेवा. चार भांड्यांच्या वर काम गेलं की कुठल्या तपेलीला काय होतं ते लक्षात राहत नाही. प्रत्येक भांड्याला खडूने आकडा घाला आणि वहीत वजन, व्यास, उंची, दोष आणि निकाल लिहा.

घासायच्या आधी बघा

आणल्या आणल्या चिंच लावू नका. मळकं भांडं घासलेल्या भांड्यापेक्षा जास्त सांगतं. फक्त कोरड्या फडक्याने धूळ झटका आणि उन्हात धरून सावकाश फिरवा.

हिरवा कळक सगळीकडे सारखा पसरला असेल तर फारशी काळजी नाही, तो निघतो. तो एका रेषेत असेल तर ती रेषा वहीत लिहून घ्या. सांध्यावर, काठाच्या घडीत किंवा कडीच्या रिबिटीभोवती बारीक हिरवी रेघ उठली असेल, तर तिथे पाणी मुरतंय आणि आत फट आहे. बाहेरून बुडाला हिरवट-पांढरा ठिपका आणि त्याच्याच समोर आतल्या बाजूला तसाच दुसरा ठिपका दिसला, तर तिथे पितळ आरपार गेलेलं असण्याची दाट शक्यता असते.

पिवळ्या पितळात मध्येच तांबूस-गुलाबी डाग दिसले तर हात आखडता घ्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, पत्र्याच्या भांड्यात साधारण ६० ते ७० टक्के तांबं. खारट, कोमट, साचलेल्या पाण्यात जस्त आधी विरघळून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, जाडी तीच, ताकद मात्र गेलेली. बंबात आणि बोअरचं पाणी साठवलेल्या हंड्यांच्या बुडाशी हे हमखास सापडतं. अशा डागावर दाभणाचं टोक दाबून ओढा. चांगल्या पितळावर चकचकीत पिवळा ओरखडा उठतो. रोगट जागी टोक रुततं, लालसर भुगा निघतो आणि ओरखड्याच्या तळाशीही लालच दिसतं. ते भांडं मोडीत. त्यावर ठिगळ टिकत नाही, कारण ठिगळाच्या कडेचं पितळही त्याच वाटेवर असतं.

एक गोष्ट यापासून वेगळी ओळखायला हवी. चिंच किंवा लिंबू लावून नीट न धुतलेल्या भांड्यावरही गुलाबी छटा येते, पण ती नुसती वरवरची असते. काथ्याने दोनदा घासली की जाते आणि दाभणाखाली लगेच पिवळं लागतं.

पितळच आहे ना

चुंबक सगळीकडून फिरवा. अंगाला चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा, भांडं बाजूला. फक्त काठाला चिकटलं तर घाबरू नका. पुष्कळ भांड्यांचा काठ लोखंडी तारेवरून वळवलेला असतो. पण त्या घडीत पाणी शिरलं की तार गंजते, फुगते आणि काठ आतून फाटतो. त्यामुळे काठावर तपकिरी ओघळ आहेत का, घडी कुठे उकललीय का, हे बोटाने चाचपून बघा.

मग बुडाच्या बाहेरच्या कडेला कानशीने अगदी छोटी खूण करा. आत पिवळं म्हणजे पितळ, लालसर म्हणजे तांबं, पांढुरकं पिवळट असेल आणि टिचकीला नाद लांबत राहिला तर कासं. कासं वेगळं ठेवा. ते ठिसूळ असतं, पडलं तर फुटतं आणि भट्टीत एकदम तापवलं तरी तडकतं.

लोटा, तांब्या, छोटी तपेली अशा भांड्यांबाबत शंका उरलीच तर घनता काढा. बादलीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. भांडं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका आणि ते बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटिमीटर त्या भांड्याच्या धातूचं घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागा. समजा तांब्या कोरडा ६४० ग्रॅम भरला आणि बुडवल्यावर काट्याने ७५ दाखवले, तर ६४० भागिले ७५ म्हणजे ८.५. पितळ ८.४ ते ८.७ च्या दरम्यान येतं, तांबं ८.९ च्या आसपास, लोखंड ७.८.

ओतीव पितळ ओळखायला शिका. ते जाड आणि जड असतं, आतून खरबरीत, कुठे कुठे सुईच्या टोकाएवढे खळगे. ओतकामाच्या पितळात कातणं सोपं जावं म्हणून पुष्कळदा शिसं घातलेलं असतं. बंबाच्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या जुन्या तोट्या याच जातीच्या. अशा वस्तूंचा अन्नाशी आणि पिण्याच्या पाण्याशी संबंध नको.

साफसफाई, तीसुद्धा बेताने

क्षाराचा थर खरवडू नका, खाली चीर असेल तर ती रुंदावते. एक लिटर कोमट पाण्यात ४० ग्रॅम लिंबूफूल घाला, त्यात फडकं भिजवून थरावर वीस मिनिटं ठेवा. फसफस थांबली की काथ्याने पुसा. जाड थराला दोन-तीन वेळा करावं लागतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा.

संडास साफ करायचं तेजाब वापरू नका. ते पितळातलं जस्त ओढतं आणि सांध्यात मुरून पुढे महिनोन्महिने खात राहतं. अमोनिया असलेली काच पुसायची औषधंही नकोत.

चिरा: इथे घाई नको

हा भाग सगळ्यात जास्त वेळ मागतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

पहिली परीक्षा नादाची. भांडं काठाशी दोन बोटांवर तोला, लाकडी लाटण्याने अंगावर हलकेच मारा. निरोगी भगुलं खणखणतं आणि नाद रेंगाळतो. चीर गेलेलं भद्द वाजतं, नाद लगेच मरतो. जागा बदलत बदलत सगळीकडे मारून ऐका. अर्थात ही परीक्षा अखंड पत्र्याच्या भांड्यालाच लागू पडते. सांधे असलेला हंडा किंवा रिबिटींच्या कड्या असलेलं पातेलं चांगलं असूनही बद्द वाजू शकतं. म्हणून नाद चांगला आला तर बरं, वाईट आला तर फक्त पुढे नीट शोधायचं. एवढ्यावर भांडं नापास करू नका.

दुसरी परीक्षा उजेडाची. रात्री दिवे घालवा, पेटवलेली बॅटरी भांड्यात ठेवा, तोंडावर जाड घोंगडी टाका आणि बाहेरून बुडाकडे, मग बूड आणि अंग मिळतात त्या वळणाकडे बघा. आरपार भोक चमकून उठतं. इतकं बारीक भोकही दिसतं, ज्यातून पाणी चटकन गळत नाही आणि म्हणून रात्रभर पाणी भरून ठेवलं तरी हाती लागत नाही.

आरपार न गेलेली चीर उजेडाला सापडत नाही, तिला भिंग लागतं. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: काठाची घडी आणि तिथून खाली उतरणारी उभी रेघ, घागरीचा गळा, कडीच्या रिबिटींभोवतालचं वर्तुळ, बुडाचं वळण, आणि जिथे जुना पोचा ठोकून काढलाय ती जागा. ओरखडा आणि चीर यातला फरक असा: ओरखडा सरळ जातो, त्याचा तळ दिसतो आणि दोन्ही टोकं हळूहळू पुसट होतात. चीर वाकडीतिकडी, काळी, तळ न दिसणारी, मध्येच फाटा फुटलेली. नख आडवं ओढलं की अडकतं.

शंका राहिली तर खडूची भुकटी पाण्यात कालवून त्या जागेवर बाहेरून पातळ लेप द्या आणि पूर्ण वाळू द्या. आतून त्याच जागी कापसाने डिझेल लावा. वीस-पंचवीस मिनिटांत पांढऱ्या लेपावर ओली काळपट रेघ उमटली तर चीर आरपार आहे. पाणी ज्या फटीत शिरत नाही तिथे डिझेल शिरतं. हे काम चुलीपासून, शेगडीपासून लांब करा आणि नंतर भांडं साबणाने, सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवा. वास पूर्ण जाईपर्यंत ते भट्टीजवळ न्यायचं नाही.

आता गोठ्याबद्दल. पितळ ठोकून, दाबून, ओढून घडवताना त्यात ताण राहतो. त्याला ओलावा आणि अमोनिया मिळाला की भांडं नुसतं पडून असतानाही चिरतं, कुणी हात न लावता. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराला याचा अनुभव आला होता. काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली असत, आणि पावसाळा सरल्यावर त्यांच्या पितळी पुंगळ्यांना चिरा गेलेल्या सापडत. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पुंगळी ओढताना पितळात राहिलेला ताण, या दोहोंनी मिळून हे होतं, हा उलगडा १९२१ साली झाला. गोठ्यातली किंवा युरियाच्या पोत्यांलगत ठेवलेली घागर त्याच परिस्थितीत असते. म्हणून गावाकडून आलेल्या भांड्याचा काठ आणि गळा भिंगाखाली पूर्ण गोल फिरवून बघा, एकही बोटभर जागा सोडू नका.

अशा चिरा एकट्या नसतात. एक सापडली की शेजारी न दिसणाऱ्या आणखी असतात असं धरून चाला. काठापासून खाली उतरलेली चीर असलेलं भांडं स्वयंपाकाला घेऊ नये, मग ते आजीच्या रुखवतातलं का असेना. उकळत्या आमटीने भरलेलं पाच लिटरचं पातेलं चुलीवरून उचलताना काठ फाटला तर माणूस भाजतो.

जाडी वजनावरून काढा

काठ जाड दिसला म्हणून बूड जाड असेल असं नाही. राखेने, वाळूने वर्षानुवर्षं घासलेलं बूड सगळ्यात आधी झिजतं. भांडं पालथं घालून अंगठ्याने बूड दाबा. ते आत जाऊन टक्‌कन बाहेर आलं तर पातळ झालंय.

आकड्यात उत्तर हवं असेल तर हिशोब सोपा आहे. सरळ अंगाच्या भगुल्याचा व्यास आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. बुडाचं आणि अंगाचं क्षेत्रफळ काढून बेरीज करा आणि तिला ०.८५ ने गुणा. येईल ते एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन, ग्रॅममध्ये. उदाहरणार्थ, ३० सेंटिमीटर व्यास आणि १५ सेंटिमीटर उंची: बूड ७०७, अंग १,४१४, बेरीज २,१२१ चौरस सेंटिमीटर, गुणिले ०.८५ म्हणजे सुमारे १,८०० ग्रॅम. तुमचं भगुलं १,३०० ग्रॅमच भरलं तर सरासरी जाडी ०.७२ मिलिमीटर. काठाच्या घडीत वजन जास्त जातं, म्हणजे बूड त्याहूनही पातळ असणार.

आमचा दंडक असा: रोजच्या चुलीसाठी सरासरी एक मिलिमीटर किंवा जास्त. ०.८ च्या खाली असेल तर विस्तवावर ठेवू नये, पत्रा वाकतो, बूड फुगतं आणि डगमगतं. भंडाऱ्याच्या, लग्नाच्या मोठ्या पातेल्यांना दीड मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, कारण त्यात भरलेल्या भाताचं वजनच कड्यांवर येतं.

जुने डाग, रिबिटी, ठिगळं

भांडं गळायला लागलं की पूर्वी डाग देऊन घेत. डाग पिवळा आणि कडक असेल, कानस त्यावर घसरत असेल, तर तो पितळी डाग. चालतो. डाग करडा, मऊ, नखाने किंवा चाकूने सहज कोरला जाणारा असेल तर तो कथील-शिशाचा. पांढरा कागद त्यावर दाबून घासा. पेन्सिलीसारखी काळसर रेघ उमटली तर शिसं आहे असंच समजा. रेघ फिकट आली तरी भांडं मोकळं सोडू नका, शिसं कमी असलेला डागही फिकटच उमटतो.

आतल्या बाजूला शिशाचा डाग असलेलं भांडं अन्नातून बाद. वरून कल्हई फिरवून चालत नाही. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, कथील-शिशाचा डाग त्याच्या किती तरी आधी, १८३ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. कल्हई करताना तो वितळून सगळ्या भांड्यावर पुसला जातो आणि बोटाएवढ्या जागेतलं शिसं पूर्ण पातेल्यात पसरतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने शिशाची मर्यादा लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे, यावरून काय ते समजावं. तांबट तो डाग पूर्ण काढून, पत्रा घासून तिथे पितळी डाग देऊ शकत असेल तर भांडं वाचतं.

एमसील किंवा तत्सम लुकण लावलेली भांडी अलीकडे खूप दिसतात. भट्टीत ते जळून घाण धूर सोडतं आणि खालची फट पुन्हा उघडी पडते. आधी खरवडून काढा, मग खाली काय आहे ते तपासा.

कडी हलवून बघा. रिबीट सैल असेल तर ती नव्याने ठोकता येते, पण भोवतीचं भोक लांबट झालं असेल किंवा भोकापासून चीर निघाली असेल तर नुसती नवी रिबीट बसवून भागत नाही. लोखंडी रिबिटी काढून पितळी घालाव्यात. लोखंड गंजतं आणि सांध्यात पाणी धरून ठेवतं.

वाटणी

इथपर्यंत आलात की भांडी आपोआप वेगळी होतात. बिनचिरेची, जाड, शिसं नसलेली ती स्वयंपाकाला. पोचे, सैल कड्या, उकललेला काठ, अंगातलं एखादं भोक असलेली तांबटाकडे. पातळ बुडाची पण बिनगळतीची कोरड्या धान्याला किंवा दारात शोभेला. तांबूस भुसभुशीत, चिरलेली, आतून शिशाचे डाग असलेली मोडीला. मधला मारुतीच्या बाजारात न्या किंवा गल्लीत येणाऱ्याला द्या, पण मोडीला देण्याआधी बुडाला खिळ्याने एक भोक पाडा. नाहीतर तेच भांडं घासूनपुसून पुन्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जातं.

दुरुस्तीचा क्रम

पोचे काढताना पितळ कडक होत जातं. थंड पितळावर ठोकत राहिलं तर तिथेच पुढे चीर जाते. म्हणून जाणता तांबट मधूनमधून ते तापवतो, अंधारात जेमतेम लालसर दिसेल इतकं, आणि थंड झाल्यावर पुन्हा ठोकतो. लाल असताना ठोकायचं नाही, तडकतं. आधी पोचे, मग डाग आणि रिबिटी, मग पाणी भरून गळतीची परीक्षा आणि सगळ्यात शेवटी कल्हई. हा क्रम उलटा केला तर डागाच्या आचेने कल्हई काळी पडते.

कल्हईच्या दिवशी

भांडी आदल्या दिवशी उन्हात पालथी ठेवून खडखडीत वाळवा. काठाच्या घडीत किंवा पोकळ मुठीत पाणी राहिलं तर भट्टीत त्याची वाफ होते आणि घडी फाटून उडते.

कथील स्वतः बघून घ्या. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर असा आवाज येतो आणि कागदावर ती रेघ ओढत नाही. शिसं मिसळलेली कांडी गुपचूप वाकते आणि कागद काळा करते. लागतं ते फार नाही. वरच्या ३० सेंटिमीटरच्या भगुल्याला आतून २० मायक्रॉनचा थर द्यायचा तर तीसएक ग्रॅम कथील पुरतं. एवढ्याशा मालात काटकसर करून शिसं घालू देऊ नका.

तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो. त्यात अमोनिया आणि मिठाच्या तेजाबाची वाफ असते. तीच पितळावरचा काळा थर साफ करते आणि तीच डोळ्यांना, छातीला झोंबते. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन उभं राहा, मुलांना लांब ठेवा. कल्हई झाली की भांडं सोड्याच्या पाण्याने उकळून ते पाणी फेका, सांध्यांतून आणि काठाच्या घडीतून दोनदा पाणी सोडा. मागे राहिलेला नवसागर ओलाव्यात अमोनिया सोडतो आणि आपण भिंग घेऊन शोधत होतो तसलीच चीर नव्याने पाडतो.

मग उन्हात बघा. थर सलग पांढरा हवा. पिवळे ठिपके म्हणजे तिथे कल्हई धरली नाही, काळे म्हणजे मळ राहिला. कल्हईवाला समोर असतानाच ती जागा पुन्हा करून घ्या.

रोजच्या वापरात

रिकामं भगुलं गॅसवर ठेवलं तर काही मिनिटांतच २३२ अंश ओलांडतं आणि कथलाचे मणी होऊन ओघळतात. फोडणीचं तेलही २०० च्या पुढे सहज जातं. म्हणून शेंगांच्या आमटीची फोडणी लोखंडी कढईत करा आणि ती भगुल्यात ओता. तारेचा घासा नको, काथ्या किंवा मऊ घासणी पुरे.

चिंचेची आमटी, कढी, ताक, सोलकढी केली तरी लगेच दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा. कल्हई कुठे ना कुठे झिजलेली असतेच, आणि आंबट पदार्थ तेवढ्या जागेतूनही कळकतो, मग मळमळ, उलट्या. झीज तपासायला आत लिंबाचा रस आणि मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा. रस निळसर-हिरवट झाला किंवा धातूचा वास आला तर पुन्हा कल्हई करायची वेळ झाली. महिने मोजण्यापेक्षा ही परीक्षा खात्रीची.

साध्या पितळी हंड्यात रोजचं पाणी रोज भरावं. पाणी चार दिवसांनी येतं म्हणून चार दिवसांचा साठा पितळेत ठेवू नका, त्यासाठी स्टीलची टाकी ठेवा. पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा भारतीय मानकात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

लहान बाळाचं दूध पितळेत तापवू नका आणि ठेवूही नका, कल्हई असली तरी. मुलांचं यकृत निकामी करणाऱ्या एका आजाराचा संबंध पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या दुधातून पोटात जाणाऱ्या तांब्याशी असावा, हे १९८३ साली पुण्यातल्या डॉक्टरांचा सहभाग असलेल्या संशोधनातून पुढे आलं. दूध तांबं पटकन धरतं आणि बाळाचं यकृत ते बाहेर टाकू शकत नाही.

पावसाळ्याआधी वापरात नसलेली भांडी कोरडी करून कागदात गुंडाळा, खतापासून, गोठ्यापासून आणि न्हाणीघरापासून लांब ठेवा. दिवाळीच्या साफसफाईला खाली काढली की काठ आणि गळा पुन्हा एकदा भिंगाखालून फिरवा आणि वहीत तारीख लिहा.